काकांच्या ऑर्गनचे पाय

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी हात एका कामात अडकले होते, आणि खरं सांगायचं तर पायसुद्धा. त्या कामावरून घरात थोडी नाराजी झाली. नाराज मंडळींपैकी निम्मी हे पान वाचतात, तेव्हा जे तोंडावर नीट सांगता आलं नाही ते इथेच लिहून टाकतो.

झालं असं, की दिवाळीत आत्या परभणीला आली होती. फराळ झाला, दुपारी पडायचं म्हणून ती मागच्या खोलीत गादी काढायला गेली आणि तिथूनच तिची हाक आली, "कामून रे, ह्याचे पाय कुठं गेले?"

'हा' म्हणजे काकांचा ऑर्गन. नातेवाईकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. काका मुंबईला नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांनी एका कुटुंबाकडून जपानी बनावटीचा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन विकत घेतला. कपाटाएवढा. वरखाली दोन की-बोर्ड, आणि खाली पायाशी लाकडाचे तेरा पेडल, एका सप्तकाचे, 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत. निवृत्त होऊन काका परभणीला आले तेव्हा हा ऑर्गनही ट्रकमधून आला. संध्याकाळी ते त्यावर नाट्यगीतं वाजवत. दोन हात दोन की-बोर्डांवर, डावा पाय खालच्या पेडलवर, आणि उजवा पाय आवाज कमीजास्त करणार्‍या पेडलवर. आम्ही पोरं जमिनीवर बसून त्यांचे पायच बघायचो. बूट काढून, मोजे घालून वाजवायचे.

काका गेले. ऑर्गन त्याआधीच अडखळायला लागला होता. त्यानंतर मात्र त्यावर चादर पडली, चादरीवर गोधड्या आल्या, गोधड्यांवर उन्हाळ्यात कूलरचा खोका आला. गेल्या वर्षी मी त्याचे तेरा पेडल काढून त्यांचं मिडी बेस बनवलं. म्हणजे पायाने दाबायचं, आणि आवाज दुसर्‍या की-बोर्डमधून बेस गिटारचा यायचा.

"त्याची आठवण होती रे ती," आत्या म्हणाली. "मोडून टाकलीस?"

तेव्हा मी नुसतं "नाही गं आत्या, तसं नाही" एवढंच म्हणालो. कसं आहे ते आता सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'ऑर्गनचे पेडल' म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पायपेटी येते. मी पेडल बनवतोय हे कळल्यावर शेजारच्या आजोबांनी विचारलंच, "मग हवा भरायलास का आता बसून?" :) त्यांचं चुकलं नाही. मराठी संगीत नाटकात जो ऑर्गन होता त्याचे दोन पेडल हवेसाठीच होते. पाय आळीपाळीने हलवत राहायचं, आत भाता चालतो, पितळी पट्ट्या थरथरतात, सूर निघतो. त्या पायांमुळे दोन्ही हात मोकळे मिळायचे. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे बालगंधर्वांच्या गाण्यामागे थिरकवाखाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असायचा. त्या ऑर्गनमध्ये पायाने सूर वाजत नव्हता.

पायाने सूर वाजवायचा ऑर्गन हा चर्चमधला. मुंबईच्या फोर्टात सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे तसा, नळ्यांचा. त्यात खाली लाकडी पट्ट्यांचा एक पूर्ण की-बोर्डच असतो, तीस-बत्तीस पट्ट्यांचा, आणि वादक टाचेने आणि चवड्याने खर्जातले सूर वाजवतो. १९३५ साली हॅमंडने विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला, त्यात पंचवीस पेडल ठेवले. पुढे घरात वाजवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आले, त्यांत तेराच उरले. काकांचा ऑर्गन त्या जातीचा. तेव्हा आजोबा, हवा नाही भरत. खर्ज वाजवतो.

आता ऑर्गनची अवस्था. मी तो आधी मोडला आणि मग कारणं शोधली असं नाही, हे आत्याला मुद्दाम सांगायचं आहे. चादर काढली तेव्हा आत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या होत्या. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले. तेही एकवेळ बदलता आले असते, मी दोन महिने त्याच्याच मागे होतो. पण सूर तयार करणार्‍या ज्या खास चिप त्यात होत्या, त्यांतल्या दोन मेल्या होत्या. त्या चिप त्याच प्रकारच्या ऑर्गनसाठी बनायच्या आणि कित्येक वर्षांपूर्वी बंद झाल्या. पुण्याहून एका जाणकाराला फोटो पाठवले, मग त्याला घरीही आणला. त्याने तासभर बघून हात पुसले आणि म्हणाला, "अजून एक असाच मेलेला मिळाला तर ह्याच्यात त्याचं काळीज घालता येईल. नाहीतर नाही." परभणीत असा दुसरा कुठून आणायचा?

पण पेडल ठणठणीत होते. लाकूड चांगलं, स्प्रिंग चांगल्या. फक्त खालच्या फेल्टला कसर लागलेली आणि विजेचे संपर्क काळे पडलेले. हे काळं पडणं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

पेडलचा अख्खा संच चार स्क्रू आणि एक प्लग काढला की ऑर्गनपासून सुटा होतो. काम तसं सोपं आहे. प्रत्येक पेडलच्या खाली एक छोटं लोहचुंबक चिकटवलं, आणि त्याच्यासमोर एका लाकडी पट्टीवर रीड स्विच बसवला. रीड स्विच म्हणजे काचेची बारीक नळी, आत दोन पातळ पत्त्या. चुंबक जवळ आलं की पत्त्या एकमेकींना चिकटतात, लांब गेलं की सुटतात. पेटीतल्या सुराच्या पट्टीलाही आपण रीडच म्हणतो, त्यामुळे मला हा स्विच पहिल्यापासून घरचा वाटला. मात्र फार नाजूक. पाय वाकवताना काच तडकते. तीन फुटले, मग पक्कडीने काचेजवळ धरून वाकवायचं ही अक्कल आली.

तेरा स्विचच्या तेरा वायरी एका छोट्या आर्डुइनो प्रो मायक्रो बोर्डवर नेल्या. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा बोर्ड, पण त्याला अशा अठरा वायरी जोडता येतात. पेडल दाबला की बोर्ड मिडीचा निरोप पाठवतो. मिडी म्हणजे आवाज नाही, हे घरच्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. मिडी म्हणजे नुसतं सांगणं: अमुक सूर सुरू, एवढ्या जोराने, अमुक सूर बंद. जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा ठरली, आणि आजही चालते. एक निरोप तीन बाइटचा, पोचायला साधारण एक मिलिसेकंद. आवाज कोणता काढायचा ते पलीकडचं वाद्य ठरवतं.

अडचणी आल्याच. पहिली, एकदा दाबलं की दोनदा वाजायचं, 'धुम-धुम'. स्विचच्या पत्त्या चिकटताना क्षणभर उसळतात, बोर्डला वाटतं दोनदा दाबलं. एकदा बदल झाला की दहा मिलिसेकंद त्या पेडलकडे बघूच नकोस, असं प्रोग्राममध्ये सांगितल्यावर ते थांबलं. दुसरी, यूएसबीची वायर सरळ माझ्या की-बोर्डला लावली तर काहीच होईना. दोन रात्री घालवल्या. मग कळलं, की-बोर्डचं ते भोक कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असतं. बोर्डही कॉम्प्युटरच्याच शोधात आणि की-बोर्डही. दोन पाहुणे एकमेकांच्या दारात उभे, यजमान कोणीच नाही. शेवटी की-बोर्डच्या मागे पाच टाचण्यांचं जुनं मिडी-इन होतं, त्यात दोन रेझिस्टर लावून वायर नेली आणि पहिला सूर निघाला. तिसरी अडचण पॉवर बँकेची. हा बोर्ड इतकी कमी वीज घेतो की पॉवर बँकेला वाटतं मोबाईल भरला, आणि ती आपणहून बंद पडते. हे आधी तालमीत कळलं म्हणून अब्रू वाचली. आता साधा मोबाईल चार्जर वापरतो.

सगळा खर्च दोन हजारांच्या आत. ऑर्गनच्या लाकडात एकही नवं भोक पाडलेलं नाही. चुंबकं चिकटपट्टीने लावली आहेत. जुने संपर्क, स्क्रू, फेल्टचे तुकडे, सगळं डब्यात, डब्यावर नाव लिहून. उद्या कुणाला खरोखरच असा दुसरा ऑर्गन मिळाला तर एका दुपारी पेडल होते तसे परत लागतील.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वाद्याचं रूप बदलणं म्हणजे त्याचा अपमान, असं आपल्याकडे पटकन बोललं जातं. पण आपण ज्या पेटीवर भजन म्हणतो ती पेटी कुठून आली? हार्मोनियमचं पेटंट १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं याने घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीत बसून वाजवायचं वाद्य होतं. आपण बसतो जमिनीवर, मांडी घालून. मांडी घातली की पाय कामाचे राहात नाहीत. म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास त्याचा भाता मागे नेला, तो एका हाताने मारायची सोय केली आणि पाय काढून टाकले. आपली पेटी म्हणजे पाय काढलेला ऑर्गनच आहे. आत्या, मी केलं ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय, फक्त त्यांनी पाय टाकले आणि मी ठेवले.

तिथेही थांबलो नाही आपण. गाणारा म्हणतो, आज गळा बसलाय, काळी एक नको, पांढरी एक घ्या. वाजवणार्‍याची बोटं एकाच पट्टीला सरावलेली. म्हणून स्केल-चेंज पेटी निघाली, अख्खा की-बोर्डच सरकवायचा, बोटं तीच, सूर दुसरे. मीही प्रोग्राममध्ये तेच केलं आहे. एक बटण दाबलं की पेडलची पट्टी अर्ध्या सुराने वर जाते. माझा पाय 'सा' आणि 'प' नेहमीच्याच जागी शोधतो, गाणारी काळी एकमध्ये गाते.

आणि या बदललेल्या पेटीलाही कमी बोलणी बसली नाहीत. तिच्यात मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती तीसेक वर्षं टिकली. या काळात परभणीच्या खेड्यापाड्यातल्या भजनी मंडळांनी पेटी थोडीच गुंडाळून ठेवली? ती वाजत राहिली म्हणून राहिली.

घरचंच उदाहरण देतो. आईचं पायाचं शिलाई मशीन. तिचे गुडघे दुखायला लागल्यावर आम्ही त्याला मोटर बसवली. पट्टा काढला, पायटा नुसताच राहिला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की मशीनची आठवण मोडली. उलट सगळे म्हणाले, बरं झालं, शिवणं सुरू राहिलं. वाद्याच्या बाबतीतच आपण हळवे होतो, आणि गंमत म्हणजे जे वाद्य आपण वाजवत नाही त्याच्याच बाबतीत जास्त.

एवढं लिहून झाल्यावर कुणाला वाटेल की हा सगळीच जुनी वाद्यं फोडत सुटणार. तसं नाही, आणि याची परीक्षा लगेच झाली.

पेडल गणपतीत पहिल्यांदा वाजवले. ते बघून गंगाखेडकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या वाड्यात आजोबांची पायपेटी आहे, गावात नाटकं व्हायची तेव्हाची. "तशी पडूनच आहे," ते म्हणाले. "तिच्यातलं सगळं काढून आत मिडी बसवून द्या. दिसायला जुनी, आतून नवी." पैसेही बरे देत होते.

गेलो. लाकूड उन्हाने तडकलेलं, भात्याचं कापड दोन ठिकाणी फाटलेलं. बसून जोरजोरात पाय मारले. आधी नुसतीच सूं सूं हवा. मग मधल्या सप्तकात चार-पाच सूर बोलले. धुळीने घसा बसलेले, पण सुरात. माझ्या मागे त्यांची म्हातारी आई उभी होती, ती म्हणाली, "अजून हाय की जीव."

मी नाही म्हणून आलो. कारण या दोन वाद्यांत मोठा फरक आहे. पायपेटीत जे काही बिघडलेलं आहे ते माणसाच्या हाताने दुरुस्त होणारं आहे. भात्याला कापड किंवा चामडं लावता येतं, पितळी रीड काढून धूळ झटकता येते, घासून सुरात आणता येते, तुटली तर दुसरी घालता येते. पेटी दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. तिचं पोट रिकामं करून त्यात मिडी घालणं म्हणजे आजारी माणसाला औषध न देता त्याचा फोटो फ्रेम करण्यासारखं झालं असतं. शिवाय तिचे पाय दोनच, आणि ते हवेचे. त्यांच्यातून बेस निघणारच नव्हता, नुसती सजावट झाली असती.

तेव्हा माझं मत एवढंच. जे वाद्य दुरुस्त होतं ते दुरुस्त करावं, कितीही वेळ लागो. जे दुरुस्त होणं खरोखर संपलं, त्याचा जो भाग अजून धडधाकट आहे त्याला कामाला लावावं. आणि ते करताना परतीची वाट ठेवावी, कारण 'संपलं' हे ठरवण्यात आपली चूकही होऊ शकते. माझीसुद्धा.

एक आक्षेप मात्र मला अजून टोचतो, आणि तो घरचा नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा मित्र पुण्याला गेला. त्याला पेडलचा व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे माझी जागा लाकडाला दिलीस." चेष्टेत म्हणाला, पण चेष्टा पूर्ण नव्हती. संयोजकांना चार माणसांऐवजी तीन माणसांचं मानधन द्यावं लागलं, हे खरं आहे. माझी बाजू अशी, की त्याच्या जागी नाहीतर कॉम्प्युटरवर भरून ठेवलेला ट्रॅक आला असता, बहुतेक ठिकाणी तोच आला आहे. ट्रॅक गाणार्‍यासाठी थांबत नाही. गाणारी एखादी ओळ परत घेते तेव्हा माझा पाय तिच्याबरोबर परत येतो. पण हे उत्तर मला पटतं तितकं त्याला पटेल असं नाही. तो सुट्टीवर परभणीला आला की कार्यक्रमाला तोच असतो आणि पेडल घरी राहतात, एवढं मी पाळतो.

आता ते काळे पडलेले संपर्क. जुन्या वाद्यांतल्या अशा संपर्कांचं एक असतं. दाबत राहिलं की दोन धातू एकमेकांवर घासतात आणि आपोआप साफ होतात. वाजवणं हीच त्यांची साफसफाई. वाजवलं नाही की त्यांच्यावर थर चढतो आणि वीज जाईनाशी होते. कपॅसिटरचंही तसंच, वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की ते आतून बिघडत जातात. पायपेटीच्या भात्याचं चामडं न हलवता ठेवलं की कडक होऊन घडीवर चिरतं. काकांच्या ऑर्गनमधला बराचसा बिघाड त्या चादरीखाली झाला. आम्ही म्हणत होतो जपून ठेवलाय. जपून म्हणजे काय, तर कुणी हात लावायचा नाही. पोरांनी बटण दाबलं की "काकांचा आहे तो!" म्हणून ओरडा. त्या काळात कुणी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तो चालू केला असता, उंदरांचा वास आला असता, पहिली चिप गेली तेव्हाच कळलं असतं. त्या वेळी सुटे भाग मिळाले असते की नाही, सांगता येत नाही. पण शोधले तरी असते.

आणि यात मी कुणाला बोट दाखवत नाही. कूलरचा खोका त्याच्यावर मीच ठेवला होता.

आत्या, तुझं एक म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. काकांचा तो आवाज आता नाही. पेडलमधून जो आवाज येतो तो बेस गिटारचा, माझ्या की-बोर्डमधला. काकांच्या ऑर्गनचा खर्ज जरा घोगरा होता, सुरू होताना 'फप्' असा आवाज यायचा, तो मला नीट आठवतो असं वाटतं, पण वाजवून दाखवता येणार नाही. आपल्या अख्ख्या खानदानात काकांच्या वाजवण्याची एकही कॅसेट नाही. लग्नांच्या कॅसेट आहेत, मुंजींच्या आहेत, काका पंगतीत वाढताना दिसतात. वाजवताना नाहीत. घरातच होते ना, कधीही ऐकू, असं वाटलं असणार. हे पेडल काढले नसते तरी तो आवाज परत येणार नव्हता. पण आपण तो गमावला हे मात्र पेडल काढताना कळलं, स्क्रू हातात घेऊन बसलो होतो तेव्हा.

म्हणून ज्यांच्या घरी असं काही चादरीखाली आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. आधी चादर काढा. विजेचं वाद्य असेल तर एकदम प्लग लावू नका, जाणकाराला आत बघू द्या. थोडंफार वाजत असेल तर आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा, एकेक सूर, आणि वाजवणारं माणूस घरात असेल तर त्याचं वाजवणंही. काही सुटं करायचं झालं तर आधी फोटो काढा, स्क्रू डब्यात ठेवा, नवं भोक पाडू नका. आणि सगळ्यात आधी विचारा, की हे दुरुस्त होणार नाही असं म्हणणारा माणूस कोण आहे, आणि त्याने आत हात घालून बघितलंय का.

गंगाखेडच्या त्या गृहस्थांना मी एका पेटी दुरुस्त करणार्‍याचा नंबर दिला आहे. त्यांनी फोन केला की नाही ते अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

आत्याचं म्हणाल तर, भाऊबीजेच्या संध्याकाळी तिला खुर्चीत बसवलं आणि पेडल समोर ठेवले. आधी नको नको म्हणाली. मग चप्पल काढून डाव्या पायाने सगळ्यात खालचा दाबला. स्पीकरमधून एवढा मोठा खर्ज आला की खिडकीची तावदानं थरथरली आणि ती दचकून हसली. मग म्हणाली, "त्याचा असा नव्हता."

"नव्हता," मी म्हणालो.

तिने आणखी दोन-तीन दाबून बघितले, काका वाजवायचे त्यातलं काहीतरी शोधत होती बहुतेक. सापडलं नाही. पण जाताना सांगून गेली आहे, पुढच्या वेळी येईन तेव्हा ती मोजे घालून वाजवणार आहे.

असो. बराच लांबला हा लेख. तुमच्याकडे कुणाच्या घरी असं चादरीखाली काही असेल तर जरूर कळवा. आणि आत्या, राग गेला असेल तर फोन कर.